पित्तनळीची दुरुस्ती

२९ नोव्हेंबर २०२४

पिशवीत ३८० मिलि. रंग नव्या हायड्रॉलिक तेलासारखा. ताप नाही.

चोवीस तासांत पोटातून किती पित्त बाहेर येतं ते रोज लिहून ठेवा, असं डॉक्टर गुरुप्रसादांनी सांगितलं. मी छत्तीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये फिटर होतो. नोंदी ठेवायला मला कोणी शिकवायला नको. घरात कोरी वही एवढीच मिळाली. नात लायबा मे महिन्यात विसरून गेली होती. वर मांजराचं चित्र आहे. चालेल.

हकिगत अशी. सोमवारी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, त्यात खडे होते. बुधवारी ऑपरेशनवेळी पोटात ठेवलेल्या, पिशवी लावलेल्या नळीतून पित्त यायला लागलं. संध्याकाळी डॉक्टर माझ्या खाटेजवळ स्टुलावर बसले आणि म्हणाले, "चाचा, यकृताकडून आतड्याकडे पित्त नेणारी जी मुख्य नळी असते, ती माझ्या हातून दुखावली. बाजूला भोक पडलंय. चूक माझी आहे."

पस्तीसचे असतील. कान लाल झाले होते. मी "बरं" म्हणालो. मग भोक केवढं ते विचारलं. तीन-चार मिलिमीटर, म्हणाले. मग क्लॅम्प बसेल, असं मी सांगितलं. ते हसले की काय झालं कळलं नाही. तोंड फिरवून खिडकीकडे पाहत राहिले.

१ डिसेंबर

४१० मिलि. रंग तोच.

मुलाचा, अद्नानचा, मुंब्र्याहून फोन. डॉक्टरवर तक्रार करायची म्हणतो. मी सांगितलं, जो फिटर चूक लपवतो त्याला पुढच्या बंदरात उतरवायचं असतं आणि जो स्वतः येऊन सांगतो त्याला ठेवून घ्यायचं असतं. तो म्हणाला, अब्बा, हे जहाज नाही. मग नेहमीचं. घर बंद करा आणि माझ्याकडे या. माझी बायको मासूमा ९ ऑगस्टला गेली तेव्हापासून दर आठवड्याला हेच चालू आहे. कारण फक्त बदलतं. आधी एकटेपणा होता, मग जेवण, मग राजिवड्याच्या आमच्या गल्लीतला बंद दिवा, आता नळी.

शेवटी असं ठरलं. कोल्हापूरला दुर्बिणीतून नळी दुरुस्त होते का ते पाहायचं. झाली तर मी इथेच. नाही झाली तर मुंबईत पोट उघडून मोठं ऑपरेशन, आणि त्यानंतर कायमचं मुंब्रा. मी कबूल केलं. क्लॅम्प बसणार याची मला खात्री आहे.

मुंब्र्याविरुद्ध माझं काही नाही. पण मासूमा या घरात चाळीस वर्षं राहिली आणि मी सगळ्या सुट्ट्या धरून अकरा. त्यातली चार निवृत्तीनंतरची. कब्रस्तान सात मिनिटांवर आहे. माझी हजेरी अजून भरायची आहे.

४ डिसेंबर, कोल्हापूर

डॉक्टर गुरुप्रसादांनी स्वतःच्या गाडीने आणलं. आंब्याचा घाट चढताना त्यांनी तीनदा विचारलं, चाचा, दुखतंय का. दुखत होतं ते त्यांच्या ब्रेक मारण्यामुळे, पण बोललो नाही.

इथल्या डॉक्टरांचं नाव ईशा. मी समजुतीसाठी यकृतापासून आतड्यापर्यंत पाइपलाइनचं चित्र काढून नेलं होतं. त्यांनी ते गंभीरपणे पाहिलं आणि लाल पेनाने दोन ठिकाणी सुधारलं. मी वॉल्व्ह उलटा दाखवला होता. काम असं: तोंडातून दुर्बीण घालायची, जठर ओलांडून नळीच्या तोंडाशी जायचं, ते तोंड थोडं रुंद करायचं आणि आत प्लास्टिकची बारीक नळी सरकवायची. पित्ताला सोपी वाट मिळाली की ते भोकाकडे जात नाही आणि भोक आपोआप भरतं. इंजिन न उघडता काम. असे लोक आमच्याकडे जहाजावर हवे होते.

अर्ध्या तासात झालं. मला काही कळलं नाही, घसा तेवढा खरवडला आहे. ही नळी कायमची नाही, तीन महिन्यांत काढायची किंवा बदलायची. तारीख ५ मार्च.

९ डिसेंबर

४० मिलि. उतरती कळा चांगली आहे.

आज एक चाचणी घेतली. लाइन कुठे गळते ते शोधायचं तर पाण्यात रंग सोडतात आणि तो कुठून बाहेर येतो ते पाहतात. सकाळी दोन बीट किसून खाल्ले. संध्याकाळपर्यंत पिशवीतला रंग बदलला नाही. इतरत्र बदलला. निष्कर्ष: पोटातून पिशवीकडे उलटा प्रवाह नाही.

डॉक्टर गुरुप्रसादांना फोनवर कळवलं. त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, पुन्हा करू नका. अर्ध्या तासाने कोल्हापूरहून डॉ. ईशांचा फोन. बीट खाल्लेले काका तुम्हीच का, एवढंच विचारलं आणि फोनजवळचे लोक हसल्याचं ऐकू आलं.

१८ डिसेंबर

तीन दिवस शून्य. आज पिशवी आणि पोटाची नळी काढली. आतली प्लास्टिकची आतच आहे.

१९ डिसेंबर

आज लिहायला आकडा नाही. वही कशाला उघडली माहीत नाही.

११ जानेवारी २०२५

सोनूबाई मिरकरवाड्याहून मासळी घेऊन घरोघर विकते. मासूमाकडे पंचवीस वर्षं यायची. हल्ली रोज दहा वाजता तिच्या टोपलीत एकाच माणसापुरते मासे उरलेले असतात आणि बहुतेक वेळा ते मुडदुसे असतात. पचायला हलके, म्हणून आजाऱ्यांना देतात ते. साफ केलेले असतात. परत कुठं वागवू, म्हणते, आणि देऊन जाते. पैसे द्यायला गेलो की टोपली उचलून चालू लागते. तिला गिऱ्हाइकाचा अंदाज कसा येत नाही याचं नवल वाटतं. इतक्या वर्षांचा धंदा आहे.

डॉक्टर गुरुप्रसादही आले होते. इकडून चाललो होतो, म्हणाले. त्यांचं घर नाचणे गावात, दवाखाना मारुती मंदिराजवळ. राजिवडा दोन्हींच्या वाटेवर नाही. रस्ता चुकण्याची सवय असावी. आठवड्यातून दोनदा चुकतात.

सोनूबाई त्यांच्यासमोरच मला म्हणाली, "ह्येच काय ओ ते नळी कापलेले?" मी मान हलवली. तिने त्यांना खालपासून वर पाहिलं आणि म्हणाली, "बसा. च्या घ्या. मासा कापताना माजापन हात चुकतो कदी. पन मी काय माशाच्या घरी इचारपूस करायला जात नाय, तुमी येताव."

त्यांनी चहा घेतला. दोन कप.

२६ फेब्रुवारी

चार दिवसांवर रमजान आहे, आणि ५ मार्चला नळी बदलायची तारीख.

दुर्बिणीच्या कामात उपाशीपोटी जायचं, तरी रोजा मोडतोच, वर औषधं, विश्रांती. म्हणजे चार-पाच रोजे जाणार. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर यंत्र उत्तम चालू आहे. गळती नाही, भूक चांगली. जहाजावरचा पहिला नियम, चालत्या यंत्राला हात लावायचा नाही. दुसरा नियम, तात्पुरती दुरुस्ती पुढच्या बंदरापर्यंत टिकते. पुढचं बंदर कधी ते चीफ इंजिनिअर ठरवतो. इथे मला चीफ कोणी नाही.

पेशइमामसाहेबांना विचारलं. आजाऱ्याला सूट आहे, राहिलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात, म्हणाले. भला माणूस. पण मी आजारी नाही.

नोकरीत असताना रमजान बहुतेक पाण्यावर गेले. घरातले चारच सलग मिळाले. मासूमाने ते चारही पूर्ण केले, मी गेल्या वर्षी गुडघ्याच्या गोळ्यांसाठी दोन सोडले होते. तिने फक्त स्वतःचे मोजून दाखवले होते. यंदा निदान बरोबरी व्हावी.

कोल्हापूरला फोन करून तारीख ७ एप्रिल करून घेतली. काउंटरवरची मुलगी मॅडमना विचारून सांगते म्हणाली. मी तोपर्यंत फोन ठेवला होता.

६ मार्च

डॉक्टर गुरुप्रसाद पुन्हा रस्ता चुकले. काल कोल्हापूरला गेला नाहीत का, विचारलं. मी म्हणालो, तारीख पुढे गेली. हे खोटं नाही. कोणी नेली ते त्यांनी विचारलं नाही.

१७ मार्च

सोळा रोजे झाले. प्रकृती उत्तम. लघवी थोडी गडद. पाणी कमी पडत असेल.

२४ मार्च

दुपारी तीन वाजता थंडी भरली. एवढी, की खाट वाजत होती. खाटेचे नट सैल झाले असावेत, उद्या आवळतो. मग ताप. रोजा पूर्ण केला.

२५ मार्च

सकाळी आरशात डोळे पिवळे दिसले. सोनूबाईने दारातूनच पाहिलं आणि टोपली खाली ठेवली. कावीळ, म्हणाली. तिचा भाऊ भागोजी देवरूखच्या बाजूला कामाला असतो. तिथे एक जण झाडपाल्याचा रस देतो आणि कावीळ हातातून उतरवतो. तीन दिवस, सूर्य वर यायच्या आत, अनशापोटी. अनशापोटीच असल्याने आपल्याला सोयीचं आहे, असं माझ्या मनात आलं. ती कोल्हापूरला फोन लावा म्हणत होती, पण मी म्हणालो, कोल्हापूरचा आजार वेगळा होता. तो गळतीचा होता. हा काविळीचा.

२६ मार्च

भागोजी त्या माणसालाच घेऊन आला. त्याने माझ्या हातांवर चुन्याचं पाणी चोळलं आणि परातीत धुतलं. परातीतलं पाणी पिवळं झालं. सगळे समाधानी दिसले. मी विचारलं, माझ्याऐवजी भागोजीचे हात धुतले तर पाणी कसं येईल. त्यावर त्या माणसाने सामान आवरायला घेतलं. सोनूबाई मला रागावली. भागोजीने हात खिशात घातले.

थंडी पुन्हा भरली आहे. अक्षर नीट येत नाही.

३० मार्च, कोल्हापूर

उद्या ईद असावी. मी दवाखान्यात आहे.

मागचं लिहितो. २६ला संध्याकाळी सोनूबाई स्वतः मारुती मंदिरापर्यंत गेली आणि डॉक्टर गुरुप्रसादांना पेशंटमधून उठवून घेऊन आली. त्यांनी माझी पापणी खाली ओढली, तारीख विचारली, आणि ७ एप्रिल ऐकून खुर्चीत बसले. मी म्हणालो, ईद झाली की जाऊ, चारच रोजे राहिलेत. ते उठले.

"चाचा, तुम्ही मला एकदा माफ केलंत. मी तुम्हाला करणार नाही. गाडीत बसा."

त्यांनी घाटात एकदाही ब्रेक मारला नाही.

आतली नळी गाळाने पूर्ण तुंबली होती. पित्त अडलं आणि त्यात जंतू झाले. त्याच रात्री ती काढून नवी घातली नसती तर दुसरा दिवस दिसला नसता, असं डॉ. ईशा म्हणाल्या. आवाज चढवून नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. प्लास्टिकची नळी तीन महिन्यांनी तुंबते म्हणजे तुंबतेच, लोक बरं वाटलं की विसरतात आणि असे येतात, म्हणाल्या. मी विसरलो नव्हतो हे सांगावंसं वाटलं, पण ते अधिक वाईट झालं असतं.

आणखी एक. भोक भरलं, पण भरताना ती जागा आकसली आहे. मी म्हणालो, मग तेवढा तुकडा बदलता येईल. त्या म्हणाल्या, "काका, हा लोखंडाचा पाइप नाही. जिवंत आहे. जखम झाली की तो आवळून घेतो. आपण फुग्याने ताणू, मग दर तीन महिन्यांनी एक एक नळी वाढवत जाऊ. वर्षभर त्याला उघडं राहायची सवय लावायची. मग सगळ्या काढून बघायचं."

पाइपला सवय लावणे हा प्रकार मी छत्तीस वर्षांत ऐकला नव्हता.

अशा दहांपैकी आठ जणांची नळी पुढेही उघडी राहते. दोघांना शेवटी मोठं ऑपरेशन लागतं. अद्नान आला होता, त्याने हे आकडे दोनदा विचारून घेतले. मग माझ्या खाटेजवळ उभा राहून म्हणाला, एक वर्ष. उघडी राहिली तर राजिवडा. नाही तर मुंब्रा, आणि या वेळी तारखा मी सांभाळणार. मी मान हलवली. काल फुग्याने ताणून दुसरी घातली, सध्या आत दोन नळ्या आहेत.

१९ जून

कोल्हापूर. तीन नळ्या. अद्नानने आठ दिवस आधीपासून रोज फोन केला. सकाळी आठला, दुपारी एकला, आणि लायबाला शाळेतून आणल्यावर. लायबाने विचारलं, दादाजान, नळ्या पेनाएवढ्या असतात का. मी म्हणालो, रिफिलीएवढ्या. तिने शाळेत सांगितलं आहे की तिच्या दादाजानच्या पोटात तीन रिफिली आहेत आणि ते लिहितात ते सगळं आतून येतं. तिच्या बाईंनी झाराला, म्हणजे सूनबाईंना, भेटायला बोलावलं आहे.

९ ऑगस्ट

एक वर्ष. पहाटे फज्रच्या नमाजनंतर कब्रस्तानात जाऊन फातिहा पढली. गवत वाढलं आहे, कापून घेतलं.

आज सोनूबाई टोपलीशिवाय आली. ओट्यावर बसून तासभर मासूमाच्या खोड्या सांगत होती. भाव करताना ती कशी माशाचा कल्ला उचलून "हा कालचा" म्हणायची आणि आजचाच असला तरी सोनूबाईलाच शंका यायची. एकदा दोघी कशा लपूनछपून भाट्याच्या किनाऱ्यावर घोडागाडीत बसल्या आणि मासूमाची चप्पल वाटेत पडली, ती आणायला दोघी उन्हात मैलभर चालल्या. मी तेव्हा ब्राझीलच्या वाटेवर असेन.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. म्हणालो, तिने मला पत्रात लिहिलं नाही कधी. सोनूबाई म्हणाली, "तुमी पत्रात काय लिवायचाव? जहाज ठीक, तब्बेत ठीक. मग ती पन तसाच लिवनार."

हे बरोबर आहे.

१८ सप्टेंबर

चार नळ्या. घाटात दरड आल्याने साखरप्याला तीन तास थांबलो. डॉक्टर गुरुप्रसाद बरोबर होते. पावसात बसल्या बसल्या त्यांनी सांगितलं की माझ्यानंतर सहा महिने त्यांनी एकही पित्ताशय काढलं नाही, सगळे पेशंट पुढे पाठवले. आता पुन्हा करतात. पण नळी स्पष्ट दिसेपर्यंत काही कापत नाहीत, शंका आली तर थांबतात, आणि नर्सेस त्यांना वैतागल्या आहेत. मी म्हणालो, चांगलं आहे. थोड्या वेळाने असंही म्हणालो की मला त्यांचा राग आला नव्हता. ते म्हणाले, तोच तर त्रास झाला, चाचा.

याचा अर्थ मला नीट लागला नाही.

१७ डिसेंबर

जुन्या काढून चार नव्या. डॉ. ईशांनी पडद्यावर दाखवलं, पूर्वी जिथे दोऱ्याएवढी वाट होती तिथे आता चारही नळ्या ओळीने बसतात. फेब्रुवारीत सगळ्या काढायच्या. त्या महिन्याच्या अखेरची तारीख देत होत्या. मी म्हणालो, १९ला रमजान सुरू होण्याचा अंदाज आहे, त्याआधीची द्या. त्यांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि १० लिहिली.

८ फेब्रुवारी २०२६

अद्नान आला. दोन मोठ्या बॅगा घेऊन आला आहे. उचलून पाहिल्या. रिकाम्या आहेत.

संध्याकाळी तो घरभर फिरत होता. आधी मला वाटलं काय काय न्यायचं ते पाहतो आहे. पण स्वयंपाकघरात फार वेळ उभा होता, आणि तिथे नेण्यासारखं काहीच नाही.

जेवताना त्याने हिशेबाने सांगितलं, उद्या निघू, परवा नळ्या निघतील, परवाच चित्र कळेल. मी म्हणालो, दहांत आठ. तो म्हणाला, दहांत दोनही असतात, अब्बा. त्याच्या आवाजात मला जिंकायची इच्छा ऐकू आली. निदान मला तसं वाटलं.

१० फेब्रुवारी

चारही नळ्या काढल्या. आत रंग सोडून फोटो घेतले. माझी बीटची पद्धत तत्त्वतः चुकीची नव्हती, हे डॉ. ईशांनी मान्य केलं. रंग वरून आला आणि मधल्या जागी न अडता सरळ आतड्यात उतरला. त्यांनी तो क्षण मला पडद्यावर दोनदा दाखवला. आकसलेल्या जागेची खूण म्हणून थोडी खाच राहिली आहे, ती राहणार. रक्त महिन्याने तपासायचं, मग तीन महिन्यांनी, मग वर्षातून दोनदा. पुन्हा आवळलीच तर पहिल्या वर्ष-दोन वर्षांत आवळते, तेव्हा ताप, खाज, पिवळे डोळे यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी फोन. भागोजीला नाही, मला, असं म्हणाल्या. डॉक्टर गुरुप्रसादांनी सगळं सांगितलेलं दिसतं.

त्यांना फोन केला. उघडी आहे, म्हणालो. पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग नर्सचा आवाज आला की डॉक्टर जरा बाहेर गेलेत.

११ फेब्रुवारी

सकाळी कोल्हापूरहून निघालो. अद्नान चालवत होता. मलकापूरपर्यंत एक शब्द नाही. हरल्याचं मनाला लागलं असेल, असं समजून मीही गप्प बसलो. जिंकलेल्याने जास्त बोलू नये.

आंब्याचा घाट उतरायला लागल्यावर त्याने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "अब्बा, अम्मी शेवटी काय म्हणाली?"

दीड वर्षात त्याने हे कधी विचारलं नव्हतं. तो त्या दिवशी दफनानंतर दोन तासांनी पोचला होता. मीही सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं.

"म्हणाली, तिसरी शिटी झाली, डाळीच्या कुकरचा गॅस बंद करा. मी बंद करून आलो, तेवढ्यात."

"एवढंच?"

"आधी म्हणाली होती की या वेळी नीट मोजा. मागच्या खेपेला मी चौथी होऊ दिली होती."

तो हसला. चांगला मोठ्याने हसला, मासूमा हसायची तसा, नाकातून सुरू होऊन. मग एकदम गाडी बाजूला घेऊन थांबवली. मला वाटलं टायर बसला. उतरून चारही चाकं पाहिली. ठीक होती. परत येऊन दार उघडलं तर त्याने कपाळ स्टिअरिंगवर टेकलेलं होतं.

अशा वेळी हात कुठे ठेवतात ते मला नीट माहीत नाही. मी खांद्याच्या जरा खाली ठेवला. मग तो म्हणाला, "मला वाटत होतं तिने मला हाक मारली असेल. आणि मी नव्हतो म्हणून तुम्ही सांगत नाही."

"नाही," मी म्हणालो. "डाळीचंच बोलली. आपण जाणार हे तिला माहीतच नव्हतं. ती कशाला कोणाला हाक मारेल?"

त्याने तोंड पुसलं. पाणी प्यायला. मागून एसटी आली तिला जाऊ दिलं आणि गाडी काढली. पालीपाशी आल्यावर म्हणाला, तुम्ही इथेच राहा, मीच येत जाईन, महिन्यातून एकदा तरी. झाराने परवानगी दिली तर आताही आठ दिवस राहतो. मी म्हणालो, राहा. बॅगांचं त्याने काही सांगितलं नाही.

हातखंबा ओलांडल्यावर पुन्हा विचारलं, "त्या डाळीचं काय झालं मग?"

घरात मयत झाली की आमच्याकडे तीन दिवस चूल पेटत नाही, शेजारून जेवण येतं. तेव्हाही सगळ्या गल्लीतून डबे आले होते. कुकरकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं.

"दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाल्ली. जरा आंबली होती. पण सगळी खाल्ली."

त्याने गिअर बदलला.

"मी घरातच होतो, अब्बा. वरच्या खोलीत. हाक मारायची होती. मीपण खाल्ली असती."

हे मला सुचलं नव्हतं.